पितळी स्ट्रायकर

१२ जाने. ७४
महिला मंडळात आज सिंधू तायडेचा स्ट्रायकर मी बंद केला. निर्णय बरोबर होता. तरी घास उतरला नाही, म्हणून लिहिते आहे.

सिंधू दवाखान्यात नर्स. भावाने कापसाच्या जिनातल्या लेथवर कातून दिलेला पितळी स्ट्रायकर, मुठीत चांगला जड. आमच्याकडे कॅरमला हरेल तिने उठायचे, जिंकेल तिने बसून राहायचे. सिंधू दिवाळीपासून उठलीच नाही. विमल चिडली. "बाई, हा कॅरम हाय का तोफ? आमी काय पावडर टाकाले येतो?"
मी मंडळाची अध्यक्ष; म्हटले, सर्वांना सारखी संधी हवी. यापुढे मंडळाचाच स्ट्रायकर. तिचा माझ्या कपाटात.
सिंधू एवढेच म्हणाली, "घ्या. हात तं माहाच हाय."

१९ जाने.
हलक्या स्ट्रायकरने तिचा नेम चुकत राहिला. हरली, उठली. विमल: "आता आमाले खेळू दे वं." पुन्हा कुणी तिला बोलावले नाही. चहा आला, तिच्यापर्यंत कप मात्र... मी पाहिले आणि माझा चहा प्यायले.

२ फेब्रु.
सिंधू आली नाही. विमल खुशीत, "आता कसं घरच्यावानी वाटते."
तेव्हा लख्ख कळले. बौद्ध बाईला आपणहून शेजारी बसवणारी इथे एकही नव्हती. जिंकत होती तोवर तिला उठवता येत नव्हते, एवढेच. आणि मी त्याला सारखी संधी म्हटले. बी.ए. झालेली मी!

५ फेब्रु.
स्ट्रायकर घेऊन सिंधूच्या घरी. तूर निवडत होती. हात पुढे केला नाही.
"नेला तवा साऱ्या पाहून राह्यल्या होत्या. अन् द्याले एकट्याच आल्या, चोरावानी?"
चूक झाली, म्हटले.
"मले कायले सांगता बाई? मले ठाऊक हाय."
तसाच परत आणला.

९ फेब्रु.
निरोप पाठवला होता. सिंधू आली. नियम रद्द केला. चूक माझी, आणि ती कशी झाली तेही चहाच्या कपासकट सांगितले. स्ट्रायकर तिच्या हातात दिला. विमल उठली, "मंग आमी चाल्लो." दोघी तिच्यामागे. बाकीच्या खाली बघत बसल्या.
सिंधूने सोंगट्या मांडल्या. समोर मी बसले. मला खेळता येत नाही.
"कोपर मागं घ्या बाई."
बाजूच्या दोन्ही जागा रिकाम्या.

सुपूर्द: पितळी स्ट्रायकर, सिंधू तायडे यांना, सर्वांदेखत.