भुरीखालची चौदा अंडी

खारी गाव, भाईंदर पूर्व
२५ मार्च २०२५

ती. अक्कास,
पंचशीलाचा सविनय जयभीम. वि. वि.

तेजश्री तिकडच्या लग्नाहून शनिवारी सकाळी सुखरूप पोचली. ट्रॅव्हल्सवाल्याने तिला काशीमिऱ्याला हायवेवर उतरवलं, तिथून ती रिक्षाने आली. रात्रभर अंड्यांचा डबा मांडीवर धरून बसली होती म्हणे. तू ज्वारीत इतकी नीट पुरून दिलीस की चौदातलं एकही तडकलं नाही. एवढी मोठी, एकसारखी अंडी बघून आमच्या घरमालकीण विमलाबाईसुद्धा बघत राहिल्या. त्यांचा कोंबडा पहाटे बांग देतो म्हणून समोरच्या बिल्डिंगवाल्यांनी भांडून घालवायला लावला, तेव्हापासून आमच्या भुरी कोंबडीच्या अंड्यांना काही अर्थ नाही, पिल्लंच निघत नाहीत. बिचारी आठ दिवस खुडूक होऊन रिकाम्या टोपलीत बसून होती. जवळ गेलं की पिसं फुलवून चावायला यायची.

काल सोमवारी तेजश्रीने टोपलीत भुसा घातला, वर राख भुरभुरली आणि अंडी मांडली. भुरीने एकेक पोटाखाली ओढून घेतलं. तेजश्रीने लगेच मोबाईलवर हिशेब केला, बरोबर एकवीस दिवसांनी चौदा एप्रिल येतो. जयंतीलाच पिल्लं निघणार म्हणून ती अंगणात उड्या मारत होती. सव्वीस वर्षांची नर्स आहे हे कुणाला खरं वाटलं नसतं.

आमचा समाधान पुण्याला गेल्यापासून हे घर नुसतं पंख्याचा आवाज ऐकत होतं. वर्षापूर्वी तुझी लेक नोकरीसाठी आली आणि घराला तोंड फुटलं. तू तिला माझ्याकडे ठेवलंस, हे उपकार मी विसरत नाही. दाजींना जयभीम. कानाचं औषध वेळेवर घाल. फोनवर ऐकू येत नाही म्हणून का होईना, तुझी पत्रं येतात. माया आहे तेवढी राहू दे, जास्त झाली तरी चालेल.

तुझी,
पंचशीला


बोरगाव, ता. वसमत
३१ मार्च २०२५

चि. सौ. पंचशीला हीस,
अ. उ. आ. उत्तमरावांनाही जयभीम सांग.

पत्र मिळालं. अंडी पोचली, बरं झालं. तेजश्री लग्नाला आली तेव्हा दोन दिवस माझ्याजवळ होती, आणि दोन्ही दिवस तोंडात तुझंच नाव. माऊ अशी भाजी करते, माऊ ड्यूटीवरून आल्यावर पाय दाबून देते. मी चुलीपुढं भाकरी थापत होते आन ती शेजारी बसून तुझ्या भुरीचे फोटो दाखवत होती. मी म्हटलं, बाई, आपल्या दारात पण कोंबड्या आहेत, त्यांच्याकडं बघ जरा. तर म्हणाली, त्या भुरीसारख्या शहाण्या नाहीत.

तिला माऊ म्हणायला कुणी शिकवलं? आमच्याकडं मांजरीला माऊ म्हणतात. चांगली मावशी म्हणत होती. आणि केसांना तेल आता तूच लावतेस असं ती बोलता बोलता बोलून गेली. लहानपणी माझ्याशिवाय कुणाला डोक्याला हात लावू देत नव्हती. हे रोज फोनवर तिच्याशी बोलतात आन मला दोन बोटं दाखवून सांगतात की ठीक आहे म्हणते. निस्तं ठीक आहे. बाकीचं सगळं तुझ्या वाट्याला.

तू रागावू नकोस, पण एक कर. बारा तारखेला तिला गाडीत बसवून दे. जयंतीसाठी मी तिला निळ्या काठाची पांढरी साडी घेतली आहे. विहारात सगळ्या बायका विचारतात, तुळसाबाई, लेक येणार का. मी होय म्हणून बसले आहे. कोंबडीचं तू बघ. तुला कोंबड्यांचं जमतं असं तीच म्हणते.

थोरलीचा लोभ धाकटीवर असतोच, तो मागायची गरज नाही.

तुझी अक्का,
तुळसाबाई


खारी गाव
५ एप्रिल २०२५

ती. अक्कास,
सविनय जयभीम. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी हसले, मग जरा लागलंही. माऊ हे तिने स्वतःच काढलंय, मी काही शिकवलं नाही. पण खरं सांगायचं तर मला ते आवडतं.

आता दुसरं ऐक. तेजश्रीने जयंतीची रजा पुढे ढकलली. हॉस्पिटलमध्ये कुणाशी तरी ड्यूटी बदलून आता ती सतरा तारखेला निघणार. पिल्लं निघताना बघायचीत, मग लगेच जाते, आईला समजावून सांग, असं म्हणाली. मी एका शब्दाने तिला थांब म्हटलेलं नाही. अंडी तुझीच, तूच प्रेमाने दिलीस, मग आता रागवायचं तरी कुणावर?

ती रोज ड्यूटीवरून आली की आधी टोपलीशी जाते. भुरी आपणहून उठत नाही म्हणून दिवसातून एकदा तिला उचलून ज्वारी आणि पाणी पुढे ठेवते. ती दहा मिनिटांत चार दाणे टिपते आणि धावत परत. पिसवा होऊ नयेत म्हणून तेजश्रीने राखेत कडुनिंबाचा पाला चुरून टाकलाय. विमलाबाई म्हणत होत्या की अंधारात टॉर्च लावून अंडी बघ, आत जीव धरला की नाही कळतं. मी म्हटलं, कशाला बसल्या जिवाला त्रास.

जयंतीला आम्ही दोघी इथल्या मिरवणुकीला जाऊ. ती समाधानच्या लग्नातली माझी साडी नेसणार आहे. तुझी साडी सतरानंतर नेसेलच. तू मनाला लावून घेऊ नकोस आणि मला परकी करू नकोस.

तुझी,
पंचशीला


बोरगाव
१० एप्रिल २०२५

चि. पंचशीला हीस,
आशीर्वाद.

तुझी साडी? माझ्या लेकीला जयंतीला तुझी साडी?

पंचशीला, त्या अंड्यांतून काही निघणार नाही. आमचा कोंबडा संक्रांतीच्या आधीच कुत्र्यानं नेला. त्यानंतर दुसरा आणलाच नाही. ही अंडी मार्चातली, सगळी फुसकी. मला माहीत होतं आणि तरी मी निवडून निवडून मोठी मोठी दिली. ती ज्वारीत पुरताना माझं डोकं फिरलं होतं. दोन दिवस माऊ माऊ ऐकून वाटलं, बघू आता माऊच्या घरी काय उबतंय. पिल्लं नाही निघाली की लेकीचं मन तिथून उडेल, असलं काहीतरी डोक्यात होतं.

आणि त्याच अंड्यांसाठी ती तिथं थांबली. माझ्याच हातानं मी तिला तुझ्या दारात बांधून ठेवलं. विहारातल्या बायकांना आता मी काय सांगू?

ह्यांना सांगता येत नाही आन फोनवर मला बोलता येत नाही, म्हणून लिहिते. अंडी फेकून दे, कोंबडीला उठव, पोरीला पाठव. तिला यातलं काही सांगू नको, एवढी भीक घाल.

तुळसाबाई


खारी गाव
२० एप्रिल २०२५

ती. अक्कास,
जयभीम. वि. वि.

जयंतीला ती माझी साडी नेसली, पण पिल्लं काही निघाली नाहीत, तरी अजून दोन दिवस बघू म्हणत होती. तुझं पत्र सोळा तारखेला आलं आणि पोस्टमनने ते तेजश्रीच्याच हातात दिलं. आईचं अक्षर बघून तिने तिथेच दारात फोडलं. मी आत भात टाकत होते.

मग ती आत आली. पत्र फळीवर ठेवलं, भुरीला बाजूला केलं आणि एक अंडं मोरीत फोडलं. आत पाणचट बलक, दुसरं काही नाही. मी पत्र वाचून म्हटलं, अगं अक्काने असं करायला नको होतं. तेवढ्यात विमलाबाई मागच्या दाराने आल्या आणि म्हणाल्या, आठव्या दिवशीच बगलेलं ना गो आपुन, त्यान काय न्हाय म्हणून.

हो अक्का. एक तारखेला तेजश्री ड्यूटीवर असताना मी आणि विमलाबाईंनी टॉर्च लावून चौदाही अंडी बघितली होती. सगळी आरपार स्वच्छ. तुला मात्र मी पत्रात टॉर्च नको म्हटल्याचं लिहिलं. मी ती परत भुरीच्या पोटाखाली सारली, कारण अंडी गेली की तेजश्री बारा तारखेला गाडीत बसली असती. मला तिला जयंतीला माझ्या साडीत बघायचं होतं. समाधान दोन वर्षं सणाला आला नाही. मी विचार केला, अक्काकडे ती सव्वीस वर्षं होती, मला एक दिवस मिळाला तर काय बिघडलं.

बिघडलं ते त्या मुक्या जिवाचं. चोवीस दिवस ती अर्धपोटी बसली, शेवटी शेवटी तर दाणाही टिपेना. तेजश्रीने उचलली तर हातात पिसांशिवाय काही लागेना, तुरा पांढराफटक पडलेला. जमिनीवर ठेवली तर उभं राहता येईना. आणि तशीच फरपटत पुन्हा टोपलीत गेली. तेजश्री तिथेच बसून रडली. माझ्याशी ती अजून बोलत नाही. जेव म्हटलं तर जेवते.

तू केलंस ते वाईट, पण तुला निदान पश्चात्ताप झाला आणि तू लिहिलंस. मी तर पकडले गेले. तुझा लोभ मागायला आज तोंड नाही.

पंचशीला


काशीगाव
२७ एप्रिल २०२५

प्रिय आई,
जयभीम.

रजेवर मी घरी आले नाही, कारण आले असते तर भांडले असते. रजेचे पहिले दोन दिवस भुरीसोबत गेले. ड्रॉपरने गुळाचं पाणी पाजलं, भिजवलेली ज्वारी भरवली. अंडी काढून घेतली तरी ती टोपली सोडेना. मग विमलाबाईंच्या बहिणीकडे, मोरव्याला गेले. त्यांच्या कोंबडीला त्याच दिवशी अकरा पिल्लं निघाली होती. त्यांनी चार दिली. दिवेलागणीला एकेक करून भुरीखाली सरकवली. मी श्वास धरून बसले होते, म्हटलं चोच मारते की काय. तिने फक्त पंख जरा उचलले. दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्यांना घेऊन अंगणात उकरत होती आणि माऊलासुद्धा जवळ येऊ देत नव्हती.

उरलेल्या दिवसांत मी खोली शोधली. आमच्या वॉर्डातल्या इशितासोबत काशीगावात राहते आता. मी माऊला टाकून आले असं समजू नकोस आणि मला तुझ्याकडून जिंकून घेतलं असं माऊने समजू नये. तुम्हा दोघींना मी हवी होते ते मला कळतं. पण कुणीच मला विचारलं नाही.

मे महिन्यात चार दिवस येते. साडी ठेवून दे. बाबांना सांग, मी ठीक आहे, आणि यावेळी तेवढंच सांगू देत.

तुझी,
तेजश्री


बोरगाव
५ मे २०२५

चि. सौ. पंचशीला हीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र मी आठ-दहा दिवस उशीखाली ठेवलं. आधी वाटलं, जन्मात तुझं नाव घेऊ नये. मग वाटलं, मी फुसकी अंडी दिली, तू ती उबवायला ठेवली, दोघी एकाच आईच्या लेकी. आता तुझ्याही घरात ती नाही आन माझ्याही नाही. तुझं घर किती गप झालं असंल ते मला कळतं, माझं वर्षापासून तसंच आहे.

एक विचारायचं होतं. काल तेजश्रीनं ह्यांना फोनवर सांगितलं की इशिताची आई दर रविवारी विरारहून येते आणि दोघींसाठी मासे करून आणते. आपल्या पोरीनं दोन तुकडे खाल्ले म्हणे. काट्याला भिऊन ताटावरून उठणारी पोर ती! ह्यांनी मला हे सगळं पाटीवर लिहून दाखवलं, एवढं मोठं कधी लिहीत नाहीत. त्यात असंही होतं की ती बाई लई मायाळू आहे.

कोण आहे ही बाई? तू जवळ आहेस, एकदा रविवारी जाऊन बघून ये. कशी बोलते, पोरीला काय म्हणून हाक मारते, नीट ऐक. नाहीतर असं कर, एकटी जाऊ नकोस. तुला मोठ्यानं बोलणारीपुढं उत्तर सुचत नाही. ह्यांना मी तिकीट काढायला सांगितलं आहे. मला ऐकू येत नाही, तुला बोलता येत नाही, दोघी मिळून एक धड बाई होईल. सतरा तारखेला शनिवारी सकाळी काशीमिऱ्याला उतरते, उत्तमरावांना घ्यायला पाठव.

लोभ दोघींनी मिळून करू, भांडणही.

तुझीच,
अक्का