ब्राह्मीच्या तेलाची बाटली

अम्मा,
तुझ्या पायांना हात लावून लिहिते. मी मजेत आहे, वैद्यरांच्या औषधशाळेत कांजी पोटभर मिळते.

काल दुपारी ब्राह्मीचं तेल ढवळताना वासानंच गुंगी आली. स्वप्नात आपली खाडी दिसली, अगदी संथ. डोळे उघडले तर वैद्यर हसत होते, "ढवळणारीच पेंगली, म्हणजे तेल झकास जमलं!" पण त्यात भिजवलेली वात पेटवली तर तडतडली. तेलात पाणी उरलं होतं. पुन्हा ढवळायला बसवलं मला!

आता नीट जमलंय, त्यातलंच तेल पाठवतेय. टाळूवर जिरव. गुडघे कसे आहेत? आपल्या शेजारची तंकम्मा म्हणते, सुगतनदादाची होडी परतली नाही तेव्हापासून तू उंबऱ्यातच बसून असतेस.

झोप गं. हवं तर दार उघडं ठेव. तू झोपलीस म्हणून तो यायचा थांबणार नाही.

तुझी,
ओमना