अर्वोचं फावडं

१४ ऑक्टोबर, सोमवार

टेसा छपरावर चढली! माझी नात, पंचविशीची पोर, कमरेला दोरी, तोंडात चिमटे. वळचणीच्या कडेनं काळी वायर वर-खाली, वर-खाली अशी नागमोडी लावत गेली, मग पन्हळीत सोडली, तिथून पाइपात. मी खाली उभी राहून नुसती "पडशील गं, पडशील गं". ती वरून म्हणते, "मुम्मू, तू आत जा नि नीसू भाज. तू खाली उभी राहिलीस तर मी खरंच पडेन!"

वायर तापते, बर्फ वितळतो, पाणी पाइपातून निघून जातं. म्हणजे यंदा बर्फाचे सुळे लोंबणार नाहीत, छताला ओल नाही. खटका तळघरात. नोकरीला लागल्यापासून एकटीनं केलेलं हे तिचं पहिलं छप्पर — आणि ते माझं! आनंदात नीसूच्या गोड पावात वेलदोडा जास्तच पडला. वाइनो असता तर म्हणाला असता, "छपराला कसली गं थंडी वाजते?" नवरा म्हणून चांगला होता, पण नवं काही सोसायचं नाही त्याला.

शेजारच्या अर्वोला सांगायचं राहिलं. राहिलं कसलं — सांगितलंच नाही. जीभ उचलली नाही.

३० नोव्हेंबर, शनिवार

पहिला मोठा बर्फ, गुडघ्याच्या वर. आणि वायर चालली! कडेनं त्रिकोण-त्रिकोण मोकळे झालेत, छपराला झालर शिवल्यासारखे. मी सकाळपासून बाहेर जाऊन जाऊन बघत होते.

मग अर्वो आला. शेजारचाच. वाइनो गेल्यापासून माझं छप्पर तोच साफ करतो. शनिवारी खांद्यावर फावडं — आधी छप्पर, मग सौन्यात बसून वाफ, मग कॉफी. सौना मी तापवून ठेवला होता. तो रस्त्यातच थांबला. वर बघितलं. झालर बघितली. फावडं या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं आणि परत फिरला. मी दार उघडेपर्यंत पाठच दिसली.

मेल्याहून मेल्यासारखं झालं. न सांगता माणसाला कामावरून काढून टाकल्यासारखं!

७ डिसेंबर, शनिवार

आला नाही. येणार कसा? आमच्याकडे उगाच कोणी कोणाच्या दारात जात नाही. हातात काहीतरी लागतं — फावडं, करवत, गेला बाजार परत करायचा उसना पाना. कामच नाही तर पाय उचलायचा कसा? मीही नाही गेले. मी तरी काय घेऊन जाणार?

एकटीच सौन्यात बसले. दगडांवर पाणी टाकलं, चर्र झालं, संपलं. अर्वो तरी कुठे बोलतो म्हणा! पुरुषांची पाळी आधी, मग माझी. पण त्याची झाली की तो बाहेरच्या बाकावर अंगातून वाफा काढत बसतो, नि मला स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतो. बास. तेवढंच.

८ डिसेंबर, रविवार

तळघरात गेले. खटका बंद केला. देवा, बघू नकोस.

१४ डिसेंबर, शनिवार

सुळे लोंबले, माझ्या हाताएवढे! स्वयंपाकघरात छतातून ठिबकतंय, खाली पातेलं ठेवलंय, आणि मी हसतेय. म्हातारपणी वेड लागलं.

दुपारी अर्वो आला. फावडं तर होतंच, कुऱ्हाडही आणली होती! "पोरीची वायर थंड पडली वाटतं," म्हणाला.

"काय की बाई," मी म्हटलं.

काय की बाई! जीभ झडली नाही माझी.

छप्पर झालं, सौना झाला, नीसूचे चार काप झाले. उठताना म्हणाला, "फावड्याला बंद पडायचं माहीत नसतं, इम्पी." त्याच्या मानानं हे भाषणच! दिवसभर गुणगुणत होते. पातेल्यातलं पाणी ओतायला गेले तेव्हा टेसा आठवली.

१५ डिसेंबर, रविवार

प्रार्थनेनंतर चर्चच्या तळघरात कॉफी. चर्चच्या छपराचं काम टेसाला द्यायचं जवळजवळ ठरलेलं. अर्वोनं साध्या मनानं सांगून टाकलं, "इम्पीकडे काही चालत नाही ती वायर." समितीची एल्मा, तिनं कप खाली ठेवला. "मग देवाच्या छपरावर प्रयोग कशाला?"

टेसा समोरच कॉफी ओतत होती. कान लालबुंद. आणि मी? मी तोंडात नीसू कोंबला. भरल्या तोंडानं बोलू नये म्हणतात ना!

१७ डिसेंबर, मंगळवार

टेसा तपासायला येणार म्हणून आधीच चोरासारखी जाऊन खटका लावून आले. ती वर चढली. वायर गरम, आणि तीन दिवसांत पुन्हा साचलेला बर्फ तर हा एवढा जाड! पोरीनं अर्थ काढला — आपली वळणंच आखूड पडली. सगळा बर्फ फोडला, वायर सोडवली, पुन्हा लावली. हातमोजे काढून! मोज्यांनी चिमटे बसत नाहीत म्हणे. आत आली तेव्हा बोटं मेणबत्तीसारखी पांढरी.

"मुम्मू, माझंच चुकलं. मालक म्हणतो, चर्चचं विसर, परत दुसऱ्याच्या हाताखाली राहा."

लहानपणी धरायचे तशी तिची बोटं काखेत धरली. बोल, बोल इम्पी! नाही बोलले. खटक्याचं सांगितलं तर अर्वोचंही सांगावं लागेल. या वयात!

१८ डिसेंबर, बुधवार

कॉफी केली आणि तशीच मोरीत ओतून दिली.

२२ डिसेंबर, रविवार

उभी राहिले. सगळ्यांदेखत.

"एल्मा, वायर चांगली आहे. खटका मी बंद केला होता. पोरीचा काही दोष नाही."

"अगं पण का? डोकं फिरलं का तुझं?"

अर्वो कपात बघत होता.

"फावडं येईना म्हणून," मी म्हटलं. निघून गेलं तोंडातून!

मागे कोणीतरी हसलं, मग खोकला आल्यासारखं केलं. एल्माचंच तोंड लाल झालं. "बरं बरं, बस खाली. चर्चचं टेसाच करेल." अर्वोनं टोपी उचलली, अर्धा कप तसाच टाकून गेला. तो कप मीच धुतला.

गाडी वळणाला लागली. मग टेसा म्हणाली, "माझी बोटं दोन दिवस सुन्न होती, मुम्मू."

"हो गं."

"मालकाला फोन तू करायचास. मी नाही करणार."

"करते."

घरी आल्यावर सरळ तळघरात गेली आणि खटक्यावर चिकटपट्टी लावून आली. तीन पदर! जाताना गालाची पापी घेतली, पण नेहमीपेक्षा जरा जोरात.

अर्वो आता कुठला येतोय. माझ्याच तोंडानं त्याचीही लाज काढली.

२८ डिसेंबर, शनिवार

रात्रभर बर्फ. वायर चालू, झालर जागच्या जागी, छपराला काही काम नाही.

अर्वो आला. फावडं नाही, कुऱ्हाड नाही. काखेत नुसता टॉवेल.