किल्लेदाराच्या कादंबरीत नसलेलं पान

वाशी, ११ फेब्रुवारी १९६३

प्रिय अप्पा,

'तीर्थरूप' लिहायला घेतलं होतं, पण तसं लिहिलं की पुढचं काही लिहिता येत नाही, म्हणून प्रिय लिहिते आहे. तुमचं पत्र पोचलं. आजवर तुमची पत्रं धाकट्या महादेवीच्या अक्षरात यायची. हे तुमच्या हातचं पहिलं मराठी पत्र. निजामाच्या कचेरीत सगळी नोकरी उर्दूत केलेला माणूस साठी उलटल्यावर धाकट्या लेकीच्या जुन्या पुस्तकावरून बाराखडी गिरवतो, याचा कुठल्याही मुलीला अभिमान वाटेल. मलाही वाटला, दोन ओळी वाचून होईपर्यंत. तिसऱ्या ओळीत तुम्ही मला लबाड म्हटलंत.

उमरग्याच्या वाचनालयात चार माणसांत तुम्ही किल्लेदाराच्या कादंबरीतला तुमचा आवडता प्रसंग सांगितला. बंडप्पा मास्तर हसले आणि म्हणाले, असं पान त्या पुस्तकात नाहीच. तुम्ही पुस्तक घरी आणलंत, अक्षराला अक्षर जोडत बावीस दिवसांत वाचून काढलंत, आणि पान सापडलं नाही. माझ्यामुळं चारचौघांत मान खाली गेली, असं लिहिलंत. आणि खाली थोडी जागा उरली म्हणून की काय, महादेवीचं वाशीलाच ठरवतोय, माझ्या धाकट्या दिराशी, शिवरात्र झाली की सुपारी फोडायची, दोघी बहिणी एका घरात नांदतील, हेही लिहिलंत. मला लबाड ठरवायला दीड पान लागलं आणि महादेवीला एक ओळ पुरली.

तर ऐका. ते पान पुस्तकात नाही. ते मी घातलं होतं.

तुम्हाला आठवतं का, कचेरीतून आलात की चहा घेऊन तुम्ही बाजेवर बसायचा आणि दिवेलागणीपर्यंत मी वाचायची. अव्वा उंबऱ्याशी ज्वारी निवडत असायची. लढाई आली की मी भराभर वाचावं, दरबार आला की ठासून वाचावं, आणि दोन बायका बोलायला लागल्या की तुमचा हात हलायचा, तुम्ही म्हणायचा, "ते न्हाय, फुडं चल." लेखकानं खलिता लिहिला की तुम्हाला हसू यायचं, खरा शब्द ख़रीता आहे, या लोकांना फारसी कुठं ठाऊक, म्हणायचा. घोडा एका दिवसात किती कोस गेला यावरून तुम्ही लेखकाची लायकी ठरवायचा. मला विचाराल तर (आजवर कधी विचारलं नाहीत) त्या कादंबऱ्यांतल्या मुली मला कधीच खऱ्या वाटल्या नाहीत. त्या गवाक्षात उभ्या राहायच्या, ओवाळायच्या आणि जिथं दिलं तिथं जायच्या. एकीच्याही तोंडी आपल्या मनातलं वाक्य नसायचं. दोन वर्षं असल्या मुली मोठ्यानं वाचून वाचून माझा घसा बसला. शेवटी म्हटलं, एकीला तरी बोलू द्यावं.

तेव्हा वाशीच्या रामलिंगांचं स्थळ आलं होतं. त्यांची पहिली बायको माहेरी जाऊन बसली होती. का बसली ते बाजाराला येणाऱ्या बायकांकडून माझ्या कानावर आलं होतं. तुमच्यासमोर उभं राहून ते बोलायची माझी छाती नव्हती. पुस्तक मात्र माझ्या हातात होतं. ऐकणाऱ्याला पान दिसत नाही, आणि तुम्हाला तर दिसूनही वाचता येत नव्हतं. मी किल्लेदाराच्या मुलीला बापापुढं उभं केलं आणि तिच्या तोंडून म्हटलं, बाबा, मला त्या घरी देऊ नका, तो माणूस हात उचलतो, त्याची पहिली बायको जीव घेऊन पळाली. एवढं वाचलं आणि थांबले. आता किल्लेदार काय म्हणेल, असं तुम्हाला विचारलं.

अव्वाचा ज्वारीतला हात थांबला होता. तिला अक्षरओळख नव्हती, पण लेकीचा आवाज ओळखता येत होता. तिनं तुमच्याकडं पाहिलं. तुम्ही मिशीवरून बोट फिरवलंत आणि म्हणालात, "शब्द दिला म्हंजे दिला. शब्दाफुडं पोरगी कोण? रडंल चार दिवस, मग नांदंल."

मी पान उलटलं आणि तुमचंच वाक्य जरा शुद्ध करून किल्लेदाराच्या तोंडी घातलं. तुमच्या डोळ्यांत पाणी आलं. लिहिणारा असावा तर असा, म्हणालात. त्यानंतर किती संध्याकाळी ते पान तुम्ही पुन्हा वाचायला लावलंत, आणि दर वेळी मी तोंडपाठ म्हणून दाखवलं. अकरा वर्षं तुम्ही ज्या लेखकाची तारीफ करत फिरलात तो लेखक तुम्ही स्वतः होता, अप्पा. बंडप्पा मास्तरांना हेही सांगा.

पुढच्या महिन्यात माझं लग्न झालं. चार दिवस रडेन हा तुमचा हिशेब मात्र चुकला. पहिल्याच वर्षी ताट पुढं सरकवायला उशीर झाला म्हणून यांनी मारलं, तेव्हापासून मला डाव्या कानानं ऐकू येत नाही. गळवानं कान गेला, असं मी तुम्हाला कळवलं होतं. लबाडी म्हणायची तर ती माझी खरी लबाडी. अव्वा आली होती तेव्हा ती माझा चेहरा दोन्ही हातांत धरून नुसती माझ्याकडं बघत राहिली. घरी येऊन तुम्हाला काही बोलली का, मला माहीत नाही. ती गेली त्याला आता चार वर्षं झाली. मला तुमच्याइतकाच तिचाही राग येतो, आणि तो राग कुणावर काढायचा ते कळत नाही.

या घरात एकही पुस्तक नाही. शेजारच्या हमिदाबींकडं रेडिओ आहे. त्यावर कधी दुपारी इतिहासातली गोष्ट वाचतात. मी उजवा कान तिकडं करून भाकरी थापते. वाचणारा पुरुष असतो, आवाज चांगला असतो, आणि किल्लेदारांच्या मुली अजून गवाक्षातच उभ्या असतात.

आता तुम्हाला वाचता येतं, म्हणून हे पत्र मोठ्या अक्षरात, जोडाक्षरं सुटी सुटी काढून लिहिलं आहे. कुणाकडून वाचून घ्यायची गरज पडणार नाही, आणि हे कुठल्या किल्लेदाराचं आहे असंही वाटायला नको. माझा धाकटा दीर त्याच्या भावासारखाच आहे. आपल्या आईवर हात उगारताना मी त्याला या डोळ्यांनी पाहिलं आहे. महादेवीला या घरी देऊ नका. शब्द दिला असेल तर मोडा, चार माणसं हसली तर हसू द्या. तसं केलं नाहीत तर मी लग्नाला येईन. मांडवात, अक्षता पडायच्या आधी, व्याह्यांसमोर आणि तुमच्या वाचनालयातल्या मंडळींसमोर उभी राहून हे पत्र पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचीन. दरबार वाचायची तसं ठासून वाचीन. त्या दिवशी पदरचं एक वाक्यही घालणार नाही.

तुमचीच,
गिरिजा