जानरावच्या पिशवीतला पासपोर्ट

जऊळका,
१४ मार्च १९७८

प्रिय विमल,

सहा वर्षांपूर्वीच्या त्या सकाळी मी रुळाच्या कडेला इंजिनानं टाकलेल्या राखेतून अर्धवट जळलेले कोळसे वेचत होते. घमेलं निम्मं भरलं होतं. पाणी भरून झालं होतं, शेळी गुराख्याकडे लावून दिली होती, अंगण सारवलं होतं. ज्वारीचं पीठ परातीत काढून ठेवलं होतं, पण भाकरी थापल्या नव्हत्या. तुझे बाबा लंकेहून येणार होते आणि त्यांना मी तव्यावरची भाकरी ताटात देणार होते. पूर्णेकडून पॅसेंजर आली. जानराव उतरले, त्यांच्यामागून आपल्या वस्तीतली बाकीची माणसं उतरली. प्रत्येकाच्या हातात तिथून आणलेलं पिंपळाचं पान, वहीच्या पुठ्ठ्यात घालून जपलेलं. बाबा दिसले नाहीत. मला वाटलं, शेवटच्या डब्यात गार्डाशी बोलत उभे असतील. गाडी हलली, गार्डाचा डबा माझ्यासमोरून गेला, त्यात गार्ड एकटाच होता.

जानराव सरळ माझ्याकडे आले. चेहऱ्यावर काळजी नव्हती, हे मला आजही आठवतं. म्हणाले, "वयनी, पुंजाजी मांगून येऊन राह्यला. गाडी चुकली त्याची, दुसरं काई नाई." मग पिशवीत हात घालून त्यांनी रुमालात गुंडाळलेली एक चोपडी काढली आणि दोन्ही हातांनी मला दिली, जशी एखाद्या घरची अमानत परत करावी. "हे सांभाळा. परक्याच्या हाती देल्लं नाई म्या." तो तुझ्या बाबांचा पासपोर्ट होता.

विमल, तू गेल्या पत्रात मला विचारलंस. तुमची बोट मुंबईहून निघून कुवेतला जाताना मधल्या बंदरांना थांबते, लोक खाली उतरून बाजार पाहून येतात, तर तेव्हा पासपोर्ट जवळ ठेवायचा की बोटीवरच राहू द्यायचा. तू गमतीनं लिहिलंस, की माय, तू एवढी पुस्तकं वाचतेस, तूच निकाल दे. जावई देवमनराव म्हणतात की हरवायला नको, सगळ्यांचे पासपोर्ट त्यांच्याबरोबरच्या मोठ्या मिस्तरींच्या पेटीत एकत्र राहतील. मी ते वाचलं आणि मला जानरावांची पिशवी आठवली. म्हणून निकाल देण्याआधी मी तुला हे सगळं सांगते आहे. सहा वर्षांपूर्वी तुला एवढंच कळवलं होतं, की बाबा तिकडे तापानं गेले आणि तिथल्या लोकांनी सगळं नीट केलं. तू कल्याणला होतीस, दिवस भरत आले होते. तेव्हा तेवढंच सांगणं बरोबर होतं. आता नाही.

आपल्याकडची रीत तुला माहीत आहे. दहा माणसं बाहेरगावी निघाली की सगळ्यांची तिकिटं एकाजवळ. नागपूरला दीक्षाभूमीला जायचं असो की लग्नाला, जो सगळ्यांत सरळ तो कागद सांभाळणार. वस्तीत जानरावांइतका सरळ माणूस नव्हता, आजही नाही. त्यात तुझ्या बाबांनी सारा जन्म या लायनीवर पॉइंटमन म्हणून, रुळांचे सांधे बदलत काढला. त्यांना कोण तिकीट विचारणार? अकोल्यापासून हिंगोलीपर्यंत तिकीट तपासणारे त्यांनाच तंबाखू मागायचे. मी म्हणायची, रेल्वेचा पास तरी खिशात ठेवत जा. तर म्हणायचे, "माहं तोंडच माहा पास आहे, विमलची माय." आणि ते खरंही होतं. इथून पन्नास कोसांपर्यंत ते खरं होतं.

लंकेतल्या अनुराधपूरचा बोधिवृक्ष मीच त्यांना वाचून दाखवला होता. विहारात एक पातळ पुस्तिका आली होती, त्यात त्या झाडाचं चित्र होतं. तुझ्या जुन्या पाटीवर अक्षरं गिरवून मी वाचायला शिकले, आणि वाचता यायला लागलं तसं संध्याकाळी त्यांना वाचून दाखवायची. ते विडी विझवून ऐकायचे. रिटायर झाल्यावर म्हणाले, आपण बुद्धाचे झालो, आता ते झाड एकदा डोळ्यानं पाहिलं पाहिजे. वस्तीतली सहा माणसं तयार झाली. मला नेत होते, पण शेळी, घर आणि तुझं येणारं बाळंतपण, म्हणून मी राहिले.

रामेश्वरला बोटीत बसण्याआधी जानरावांनी सगळ्यांचे पासपोर्ट गोळा केले आणि साहेबासमोर गठ्ठा ठेवला. साहेबानं एकेक उघडून तोंड पाहिलं, शिक्का मारला, गठ्ठा पुन्हा पिशवीत गेला. पलीकडच्या धक्क्यावरही तसंच. मधे बोटीवर तुझ्या बाबांनी आपला पासपोर्ट एकदा मागून घेतला होता. आत आपला फोटो पाहून हसले, म्हणाले, "हा तं कोनी सायेब दिसून राह्यला," आणि बंद करून परत देऊन टाकला. हे मला जानरावांनीच सांगितलं. तेवढा वेळ तो त्यांच्या हातात होता. ठेवून घेतला असता तर कोणी नाही म्हटलं नसतं.

झाड पाहून झालं. परतीच्या वाटेवर कुठल्याशा जंक्शनला गाडी थांबली, तेव्हा ते पाणी प्यायला उतरले आणि सांधे बदलायची तिथली खोली दिसली म्हणून तिकडे पाहायला गेले. तिथले खटके आपल्यासारखेच आहेत की वेगळे, एवढंच त्यांना पाहायचं असेल. गाडी सुटली. डब्यातल्या कोणालाही धक्का बसला नाही. रेल्वेचा माणूस, पुढच्या गाडीनं येईल. धक्क्यावर बाकीच्यांनी वाट पाहिली. परतीच्या बोटीचा दिवस आला, तेव्हा जानरावांनी तिथल्या माणसाला खुणेनं सांगितलं, की आमचा एक जण मागं आहे. तो माणूस काहीतरी बोलला आणि कागद द्या असा हात पुढे केला. जानराव घाबरले. दुसऱ्याचा कागद आपण अनोळखी माणसाला कसा द्यायचा? ज्याचा त्याच्या घरीच पोचवायचा. त्यांनी पिशवी छातीशी धरली आणि बोटीत बसले. एवढा इमानदार माणूस. तिथं त्यांनी बेइमानी केली असती तर किती बरं झालं असतं.

तर त्या सकाळी रुळाच्या कडेला उभी राहून मी तो पासपोर्ट उघडला. हातांना काळं लागलेलं होतं, पहिल्या पानावर माझ्या अंगठ्याचा डाग अजून आहे. इंग्रजी मला येत नाही, पण वर हिंदीत लिहिलं होतं. बोट ठेवून वाचलं. भारताच्या राष्ट्रपतींच्या नावानं सगळ्यांना विनंती केली होती, की या वाहकाला रोकटोक न करता जाऊ द्या आणि त्याला लागेल ती मदत आणि संरक्षण द्या. वाहक म्हणजे मला आधी एसटीतला कंडक्टर वाटला. मग समजलं, की हे ज्याच्या हातात आहे तो. आणि ते माझ्या हातात होतं. मी जानरावांना विचारलं, "भाऊजी, हे इथं आहे, तं ते येतीन कायच्या भरोशावर?"

जानराव खाली बसले. फलाटावर नाही, तिथंच राखेत, पांढऱ्या धोतरासकट. बाकीची माणसं काय झालं म्हणून जवळ आली. पिंपळाची पानं हातात घेऊन सगळे उभे. मी घमेलं उचललं, घरी गेले आणि भाकरी थापल्या. का थापल्या, मला सांगता येणार नाही. चुलीपुढं बसून मी सगळ्या पिठाच्या भाकरी केल्या, रचून ठेवल्या, आणि मग त्यांच्याकडे पाहत बसले.

जानराव परत लंकेला गेले. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. तुझ्या बाबांचा पासपोर्ट त्यांनी माझ्याकडून मागून नेला, या खेपेला रुमालात नाही, सदऱ्याच्या आत शिवून. पोळ्याच्या सुमाराला आले. दारात उभे राहिले, पाण्याचा गडवा दिला तो घेतला नाही. म्हणाले, "वयनी, पुंजाजी गेला." मग जे त्यांना तिथं समजलं ते त्यांनी सांगितलं आणि मी उभ्यानं ऐकलं.

त्याच जंक्शनच्या बाकावर बाबा तापानं पडलेले तिथल्या हमालांना सापडले. त्यांनीच उचलून दवाखान्यात नेलं. लोक चांगले होते विमल, हे लक्षात ठेव. नर्सबाईंनी कपडे बदलले, खिसे पाहिले. खिशात तंबाखूची डबी आणि पिंपळाचं पान. कोणत्या देशाचा माणूस, कोणाला कळवायचं, काहीच समजेना. त्यांची भाषा यांना येत नाही, यांची त्यांना नाही. सगळे एकच विचारत असणार, की तू कोण. रेल्वेच्या फोनवर पलीकडून कोण म्हणून विचारलं, तर माणूस आपलं नाव सांगत नाही, स्टेशन सांगतो. तुझ्या बाबांनी तीस वर्षं तेच उत्तर दिलं होतं. तापाच्या भरात त्यांनी तिथंही तेच दिलं. जऊळका. पुन्हा विचारलं, पुन्हा जऊळका. डॉक्टरांनी त्यांना तेच नाव दिलं. दोन-तीन दिवसांनी ते गेले, दवाखान्यानं रिवाजाप्रमाणे वाट पाहिली, आणि कोणी आलं नाही म्हणून बेवारशांच्या जागेत त्यांना मूठमाती दिली. वर लाकडी पाटी आहे. जानरावांनी ती तिथल्या माणसाकडून वाचून घेतली. पाटीवर आपल्या गावाचं नाव आहे.

हे ऐकून मी रडले नाही. मला फक्त वाटलं, की माझ्या कानाची काहीतरी चूक होते आहे. बेवारस? बायको आहे, लेक आहे, जावई आहे, वस्ती आहे, पेन्शन आहे, आणि त्यांना ओळखणारं सगळं लिहून छापून, फोटो चिकटवून, शिक्का मारून तयार आहे. ते फक्त दुसऱ्याच्या पिशवीत. दवाखान्यात ते बोलायचा प्रयत्न करत होते त्या दिवशीही पासपोर्ट त्याच देशात होता, थोडाच पुढं, जानरावांच्या उशाखाली. जानराव म्हणाले, "वयनी, मले दोन शिव्या तं द्या." मी दिल्या नाहीत. शिव्या द्याव्या असा माणूस असता तर मला सोपं गेलं असतं. आजही ते रोज दुपारी येतात, ओट्यावर बसतात, मी पेपर वाचून दाखवते, ते ऐकतात आणि जातात.

आता तुझ्या प्रश्नाचा निकाल. बोटीतून पाय बाहेर टाकलास की पासपोर्ट तुझ्या अंगावर पाहिजे. दोन घटकांसाठी उतरलीस तरी, नुसती धक्क्यावर उभी राहिलीस तरी. पोरं तुझ्याच पासपोर्टात आहेत म्हणालीस, म्हणजे तो पेटीत राहिला तर तुम्ही तिघंही पेटीत राहिलात. पोलक्याच्या आत जाड कापडाचा खिसा शिवून घे आणि तोंडाला बटण लाव. देवमनरावांचा त्यांच्याजवळ, तुझा तुझ्याजवळ, एकाचा दुसऱ्याजवळ नाही. मोठे मिस्तरी भले माणूस असतील. भल्या माणसाजवळ म्हणूनच देऊ नको. कोणी मधे थांबवून मागितला, तर दाखव, पुन्हा हातात घे, आणि हातात आल्याशिवाय तिथून हलू नको. हरवेल म्हणून देवमनराव भितात, ते मला समजतं. हरवला तर दुसरा काढता येतो, असं त्यांना सांग. मी सांगितलं म्हणून सांग. आणि पोरांना आपलं नाव, बापाचं नाव आणि देशाचं नाव पाठ करून घे, गावाचं त्यानंतर.

एवढं सगळं मी तुला लिहिलं नसतं. खिसा शिव एवढ्या एका ओळीत भागलं असतं, तू ऐकणारी लेक आहेस. पण तुझ्या पत्रात आणखी एक ओळ होती, सहज लिहिलेली, की कुवेतला गेल्यावर बाबांच्या पुण्यतिथीला तिकडे मेणबत्ती कुठं लावायची, ते जिथं आहेत ती जागा कशी आहे, हे तुला कोणी सांगितलंच नाही. ती ओळ मी परत परत वाचली आणि ध्यानात आलं, की मलाही ती जागा माहीत नाही. जी पाहिली ती जानरावांनी. माझ्या माणसाच्या डोक्याशी उभ्या पाटीवर त्याचं नाव नाही आणि हे सहा वर्षं मी ऐकून घेतलं आहे. जानराव म्हणतात, लंकेला मी बरोबर येतो, वाट दाखवतो. पासपोर्ट मात्र ज्याचा त्याच्याजवळ, हे मी त्यांना आधीच सांगितलं आणि त्यांनी मान हलवली. तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं मी वाशीमला गेले आणि पासपोर्टसाठी माझा फोटो काढून घेतला.

सगळ्यांना जय भीम, आणि लहानग्यांच्या गालावरून माझा हात फिरव.

तुझीच,
माय