दुमडलेला कोपरा

१० मार्च २०२५

पेटंट ऑफिसचा तपासणी अहवाल आला. इतक्या लवकर! लोक वर्षानुवर्षं थांबतात म्हणे, आणि आपला अर्ज गेला डिसेंबरात. उन्मेषला विचारलं तर म्हणाला, "लागला नंबर."

पण अहवाल वाईट आहे. यंत्रात नवीन काही नाही, सगळं आधीच जगजाहीर आहे, असं अधिकाऱ्याचं म्हणणं. पुरावे दोन. एक जपानी पेटंट. आणि दुसरा — लिहायलाही लाज वाटते — "कुंदाचा डबा"! माझं यूट्यूब चॅनल. एकसष्ट सबस्क्रायबर, त्यातले निम्मे माहेरचे.

उन्मेषने एवढं वाचून दाखवलं, पुढचं मला ऐकवेना.

११ मार्च

लिहूनच काढते एकदाचं.

यंत्र म्हणजे एक पेटी. मळका पोछा तिच्यात दाबायचा. मळकं फडकं सुटून खालच्या बादलीत पडतं, धुतलेलं आपोआप लागतं, हात घाण होत नाहीत. आमच्या कात्रपच्या बिल्डिंगचे जिने तुळशी पुसते. फिनेलने सोलवटलेले तिचे हात बघून हे माझ्या नवऱ्याच्या, उन्मेषच्या डोक्यात शिरलं. चार वर्षं प्रत्येक सुट्टी अंबरनाथच्या गाळ्यात गेली.

गेल्या खंडेनवमीला तिथे पूजा केली — लेथ, ड्रिल आणि ही पेटी. मी हार घातले, हळदकुंकू वाहिलं, पेटी चालवून दाखवली आणि व्हिडिओ काढला. वेंगुर्ल्याच्या ताईला बघता यावा म्हणून चॅनलवर टाकला. अर्जाच्या दोन महिने आधी! अर्जाआधी कुणाला दाखवायचं नसतं हे मला कुठे माहीत?

१२ मार्च

उन्मेष ओरडला असता तर बरं झालं असतं. जेवला, ताट उचललं, "आमटी छान झालीय" म्हणाला. आमटी खारट होती.

१६ मार्च

व्हिडिओ डिलीट करायला निघाले होते. राजसीने, म्हणजे आमच्या पेटंट एजंटने, फोनवर अडवलं. "काकू, अजिबात हात लावू नका. आता तो रेकॉर्डवर आहे."

संध्याकाळी उल्हासनगरहून चंदरभाईंचा फोन. पेटीचा साचा तेच करणार आहेत. "भाभी, बस पेटंट आने दो. बिना पेटंट के चार दिन में पूरा मार्केट कॉपी मारेगा, मैं हाथ नहीं लगाऊँगा." फोन उन्मेषकडे दिला आणि गॅलरीत जाऊन रडले.

२३ मार्च

राजसी घरी आली. व्हिडिओ टीव्हीवर लावला. साडेचार मिनिटांतली तीन मिनिटं माझी बडबड. पुढे, मागे, परत पुढे — आणि ती एकदम म्हणाली, "काकू, हार केवढा घातलाय!"

व्हिडिओत उन्मेषचा वैतागलेला आवाज येतो, "अगं, रोलर झाकला गेला, हार वर घे." आणि माझा, "राहू दे, पूजेत कंजूषपणा नको." चांगली जुंपली होती तेव्हा. दोन हात लांब, जाडजूड झेंडूचा हार!

राजसी म्हणते, पोछा आत गेला आणि नवीन फडकं लावून बाहेर आला, एवढंच दिसतं. कसं, ते दिसतच नाही. जपानी यंत्र फडकं सरळ ओढतं. आपल्या फडक्याचा एक कोपरा दुमडून शिवलेला आहे. रोलर तो कोपरा धरतो आणि केळं सोलावं तसं फडकं सोलतो. नवीन आहे ते हेच, आणि ते सगळं झेंडूखाली.

तो कोपरा मी शिवला होता. रोलर सारखा घसरायचा, म्हणून म्हटलं, कोपरा दुमडून जाड करू, पकडेल तरी. शंभरेक फडकी शिवली असतील. असो. यंत्र त्याचं.

६ एप्रिल

उत्तर तयार झालं. माझीही सही घेतली, व्हिडिओ माझा म्हणून असेल. चष्मा सापडेना. उन्मेष बोट ठेवतो तिथे मी सही करते, गॅसचा फॉर्म असो की बँकेचा. "एक दिवस घर लिहून घेईन," म्हणून चिडवतो. आज बऱ्याच दिवसांनी चिडवलं. बरं वाटलं.

१२ मे

जिन्यात तुळशी भेटली. "ताई, पेटी कधी येनार? माझे हात वाट बघून ऱ्हायलेत." येईल म्हटलं. का म्हटलं कोण जाणे.

१० जून

सुनावणी. आमच्याच हॉलमध्ये, लॅपटॉपवर. अधिकारी पोरगेलासा, पण काटेकोर. त्याने व्हिडिओ लावायला सांगितला. सरकारी माणसासमोर माझा आवाज — "राहू दे, पूजेत कंजूषपणा नको." जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

"यात रोलर कुठे आहे?" त्याने विचारलं.

"दिसत नाही सर, तेच आमचं म्हणणं आहे," राजसी म्हणाली.

तो हसला की नेट अडकलं, कळलं नाही.

२९ जून

उन्मेष रोज पेटंट ऑफिसचं पोर्टल उघडतो. काही नाही.

१८ जुलै

मिळालं!

उन्मेषने मोबाइल हातात दिला, चष्माही शोधून आणला. "आता तरी वाचून बघ." अर्जदार दोन. शोधक दोन. दुसरं नाव माझं.

"अर्जदारांत बाई असली की तपासणी लवकर मागता येते, म्हणून नंबर लागला," तो म्हणाला. "पण शोधकात नाव त्यासाठी नाही. कोपरा तुझाच होता."

"मग सांगितलं का नाहीस?"

"मिळाल्यावर सांगणार होतो."

चार महिने मी नवऱ्याचं पेटंट बुडवलं म्हणून झुरत होते. अर्धं माझंच होतं!