डॅशबोर्डमागची टकटक

२ डिसेंबर २००२, सोमवार

आजपासून आम्ही कोल्हापूरकर. सकाळी गारगोटीहून टेम्पो निघाला आणि दुपारी कळंब्यातल्या खोलीत दोन ट्रंका, गॅस आणि बायकोचं, क्रांतीचं, शिलाई मशीन जागच्या जागी लागलंसुद्धा. घरमालकीण बनाबाई तोंडाने फटकळ आहे, पण आमच्या सोनमने पाच मिनिटांत तिच्या स्वयंपाकघरात मुक्काम ठोकला आणि हातात शेंगदाण्याचा लाडू घेऊनच बाहेर आली. सहा वर्षांची आहे, पण ओळख काढायला आमदारालाही ऐकणार नाही.

संध्याकाळी शिरोली एमआयडीसीच्या रस्त्यावरच्या गॅरेजात हजेरी लावली. मालक अण्णासो शेजारी उभे राहूनही हायवेपलीकडच्या माणसाशी बोलावं तसं बोलतात. काय काय येतं म्हणून त्यांनी विचारलं. वायरिंग येतं, आणि गाडीतला कुठलाही आवाज शोधून बंद करतो, असं मी सांगितलं. थोडी फुशारकी होती, पण खोटं नव्हतं. ते म्हणाले, "बघूया की." उद्यापासून कामाला.

लक्षण, तपास, कारण रोज वहीत लिहायचं, ही आयटीआयच्या सरांनी लावलेली सवय. वही बिघाडांची आहे, पण घरचं त्यात घुसतंच.

५ डिसेंबर, गुरुवार

माझी परीक्षा आली. पन्हाळ्याकडचे एक बागायतदार, उदयसिंह, जुनी पांढरी जीप घेऊन आले. डॅशबोर्डच्या मागे टकटक येते. इंडिकेटर लावल्यावर यावी तशी, पण इंडिकेटर बंद असताना. तीन गॅरेजवाल्यांनी हात टेकले, असं म्हणाले.

मी पुढच्या डाव्या सीटवर बसलो. आवाज नाही. ते बसले. नाही. मग त्यांनी मागे बसलेल्या मुलीला पुढे बोलावलं. अक्षता नाव, नऊ वर्षांची, दोन वेण्या. ती बसली आणि टक, टक सुरू झालं. मला हसू आलं. पोर हलकं, सीटच्या टोकावर बसतं, पाय समोर टेकवतं, त्याने आतली एखादी वायर दबत असणार. उदयसिंह मात्र हसले नाहीत.

माझा संशय फ्लॅशरवर आहे, म्हणजे इंडिकेटरची टकटक करणाऱ्या छोट्या डबीवर. आमची तपासायची पद्धत मी त्यांना समजावली. संशयित पार्ट काढून चांगल्या गाडीत लावायचा आणि तिथला इथे. आवाज पार्टबरोबर गेला, तर चोर सापडला. त्यांनी दोनदा विचारलं, "म्हंजे ह्यातनं निघतं, आन् तिकडं जातं?" मी म्हटलं, जातं. त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली. मग जीप ठेवून मुलीला घेऊन एसटीने गेले.

७ डिसेंबर, शनिवार

काल सुट्टी घेऊन तिघे बिंदू चौकात महापरिनिर्वाण दिनाच्या अभिवादनाला जाऊन आलो. सोनमने पुतळ्यासमोर इतका वेळ हात जोडले की मागची रांग खोळंबली.

आज अदलाबदल केली. जीपचा फ्लॅशर अण्णासोंच्या व्हॅनमध्ये, व्हॅनचा जीपमध्ये. आता बसवायला लहान पोर हवं होतं, कारण तपास करताना परिस्थिती सारखी लागते. शनिवारची शाळा अर्धी, त्यामुळे क्रांती डबा घेऊन आली तेव्हा सोनम बरोबर होती. तिला उचलून जीपमध्ये बसवलं. शांत. मग व्हॅनमध्ये.

टक, टक, टक.

मी टाळी वाजवली. सोनमनेही वाजवली. अण्णासोंनी सगळ्यांना चहा सांगितला आणि गारगोटीचं पाणी वेगळंच हाय, असं आख्ख्या रस्त्याला ऐकवलं.

९ डिसेंबर, सोमवार

उदयसिंह जीप घेऊन गेले. अक्षताला पुढे बसवलं, काही आवाज नाही. त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि सोडेचनात. काकवीची बरणी दिली. निघताना विचारलं, व्हॅनमध्ये कोण बसलं होतं. माझी मुलगी, म्हटलं. त्यांनी मान खाली घातली आणि गाडी सुरू केली.

जुना फ्लॅशर व्हॅनमधून काढून घरी आणला. सोनमला आतलं यंत्र दाखवायचं होतं, म्हणून करवतीने कापला. आतले पॉइंट, म्हणजे उघडझाप करून टकटक करणारे दोन ठिपके, जळून एकमेकांना चिकटलेले. असा फ्लॅशर टकटक करूच शकत नाही. ‘कारण’ या रकान्यात काय लिहावं, कळेना. रिकामा ठेवलाय.

१२ डिसेंबर, गुरुवार

अण्णासोंनी सोनमला शाळेतून आणलं. व्हॅनमध्ये टकटक आहे म्हणाले. नवा फ्लॅशर होता, तोही काढला. आवाज आहे. बॅटरीची तार काढली. आवाज आहे. सोनम खाली उतरली, आवाज बंद.

१४ डिसेंबर, शनिवार

एकेक गोष्ट वगळत गेलो. मी बसलो, नाही. क्रांती बसली, नाही. बनाबाईला बसवलं, तीही नाही. सोनमच्या वजनाचं वाळूचं पोतं ठेवलं. नाही.

सोनम मांडी घालून, पाय कुठेही न लावता बसली. टक, टक.

तिला हा खेळ वाटतो. क्रांतीलाही मी खेळच चाललाय असं सांगितलं.

१५ डिसेंबर, रविवार

मुद्दाम तिला घेऊन गारगोटीच्या एसटीत बसलो. ड्रायव्हरच्या शेजारी, पुढे. इस्पुर्लीच्या अलीकडे ड्रायव्हरने डॅशबोर्डवर थाप मारली आणि मला म्हणाला, "काय वाजतंय हो पावणं ह्यात?"

बिघाड गाडीत नाहीच.

१६ डिसेंबर, सोमवार

डॉक्टरांनी छाती, पोट, डोळे सगळं पाहिलं. मुलगी ठणठणीत आहे म्हणाले. घरात तिच्या छातीला कान लावला. साधे ठोके. तो आवाज फक्त गाडीत, डॅशबोर्डच्या मागेच ऐकू येतो.

१७ डिसेंबर, मंगळवार

उदयसिंहांच्या मळ्यात गेलो. मला पाहताच ते खाली बसले. मी विचारायच्या आधीच सगळं सांगितलं.

आधी टकटक त्यांचे वडील पुढे बसले की यायची. बावीस दिवस आली. थांबली त्या दिवशी आबा गेले. मग वहिनी बसली की. तेरा दिवस. वहिनीला साधा तापही नव्हता. मग अक्षता. तिन्ही गॅरेजवाल्यांना त्यांनी हे सांगितलं होतं. "तिघांनी हात लावला न्हाय, मिस्त्री. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्हीबी लावला नसता." एवढं बोलून ते रडायला लागले.

मारायला हात उचलला होता. तेवढ्यात अक्षता पाण्याचा तांब्या घेऊन आली. पाणी प्यालो आणि निघालो.

सोनमला बसवलं कुणी? मीच. उचलून.

१८ डिसेंबर, बुधवार

अदलाबदलीने आलं, तर अदलाबदलीने जाईल. पण पार्ट लागतो. तोच पार्ट. तो मी कापला. तुकडे तारेने बांधले, पुन्हा व्हॅनमध्ये लावले, सोनमला बसवलं, काढले.

आज एक गिऱ्हाईक आलं होतं. बरोबर मुलगा, सोनमएवढाच. त्यांच्या गाडीत लावले ते तुकडे. होय, मी लावले. त्या पोराला गोळी देऊन पुढे बसवलं आणि कान लावून बसलो. वाजावं म्हणून.

वाजलं नाही. सोनमला परत व्हॅनमध्ये बसवलं. टक, टक.

अण्णासोंनी पाहिलं होतं. पहिल्यांदाच हळू आवाजात बोलले. म्हणाले, धम्मपाल, घरी जा.

१९ डिसेंबर

दिवसभर तिच्या जागी मी बसलो. मला घे, म्हणालो. मोठ्याने म्हणालो. काही नाही. डॅशबोर्ड पूर्ण उतरवला— मागे पत्रा. नुसता पत्रा. हात लावला तर—

क्रांतीला सांगितलं. तिने मला एकच विचारलं, कितवा दिवस.

२० डिसेंबर

टाळी वाजवली त्या शनिवारला आज तेरा दिवस झाले. सकाळपासून व्हॅनमध्ये. सोनम क्रांतीच्या मांडीवर, पुढे. पेरू खाल्ला. खाली जाऊ द्या म्हणते. क्रांती म्हणते घरी नेऊ, अंथरुणावर घेऊ. नको. घरी ऐकू येत नाही. इथे निदान कळतं, की अजून—

टक, टक. चालू आहे.

आयुष्यभर आवाज बंद करत आलो. आता हा थांबू नये म्हणून— कुणाला म्हणू? कुणाला मानत नाही मी. तरी म्हणतोय.

दीड वाजला. म्हणते, पप्पा, झोप आली. झोपू नको म्हटलं. गाणं म्हण. म्हणतेय.

चालू आहे.

गाणं थांबलं. डोकं क्रांतीच्या खांद्यावर. दुपारची झोपतेच ती. रोज झोपते. क्रांती माझ्याकडे बघतेय, मी डॅशबोर्डकडे—

चालू आहे.

चालू आहे.

चालू